रिंगणीचा धूर

“आई, माझ्या दातात कोनतरी हाय.”

रविवारची दुपार होती. दिवाळे गावात जेवणं आटोपून घराघरांत पंखे लागले होते. सहा वर्षांची उत्कर्षा ताटातला भात तसाच ठेवून डाव्या गालावर तळहात दाबून बसली होती. ती रडत नव्हती. रडली असती तर तिच्या आईला, प्रियाला, इतकी भीती वाटली नसती. ती ऐकत होती. बंद दाराला कान लावून पलीकडचं ऐकावं, तशी.

“दातात कोण असणार, बाळा?”

“माहीत नाय. आतून ठोकतंय. थांबतं, परत ठोकतं.”

प्रियाने तिचा हात बाजूला करून आपली दोन बोटं गालावर टेकवली. गाल गरम होता. आणि बोटांखाली खरोखरच काहीतरी ठोकत होतं. एक ठोका, थोडा विसावा, पुन्हा ठोका. प्रियाने चटका बसल्यासारखी बोटं काढून घेतली.

उत्कर्षाची खालची मागची दाढ गेले सात-आठ महिने काळी पडत चालली होती. आधी ठिपका, मग भोक, मग शीत अडकेल एवढा खड्डा. प्रियाने तो पाहिला होता आणि पाहून म्हटलं होतं, “दुधाचा दात आहे, आपोआप पडेल.” वाचकहो, हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी म्हटलं असेल! साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात घेऊन पोर झोपतं, घरात शांतता होते, आणि तिकडे दात झिजत असतो. प्रिया काही वाईट आई नव्हती. ती आपल्यासारखीच होती.

सासूबाई, शकुबाई, अंगणातले बोंबील उलटून नुकत्याच आत आल्या होत्या. त्यांनी नातीच्या तोंडात डोकावून पाहिलं आणि मान हलवली.

“कीड हाय ती. जित्ती हाय म्हून ठोकते. माझ्या माहेरी, जासईला, गिरजाबाई हाय. रिंगणीच्या बियांचा धूर देते. किडे पान्यात पडतात. मी माझ्या डोल्यांनी बघलंय.”

“आई, आता असल्या लोकांकडे कोण जातं का? उद्या मी हाफ डे घेते आणि डेंटिस्टकडे नेते.”

“ने बाय. मी काय तुला अडवलाय?” शकुबाई म्हणाल्या, पण त्यांची नजर नातीच्या गालावरून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रिया मुलीला बेलापूरच्या एका दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर तरुण होता आणि घाईत होता. बाहेर बाक भरला होता. त्याने आरसा घालून दात पाहिला आणि म्हणाला, “नस सडली आहे. रूट कॅनल करावं लागेल. आतली मुळं साफ करून भरून टाकू.”

“दुधाच्या दाताला रूट कॅनल?”

“हो, करतात.” तो सिरिंज भरू लागला.

तेवढ्यात प्रियाच्या नाकात तो वास शिरला. ती तुर्भ्याच्या एका मसाल्याच्या कारखान्यात तपासणी विभागात काम करायची. तिथे रोज संध्याकाळी निळ्या कॅनमधलं एक औषध पाण्यात घालून फरश्या धुतात. हातात मोजे घातल्याशिवाय त्या कॅनला शिवायचं नाही, असा नियम होता. एकदा तिच्या मैत्रिणीच्या मनगटावर ते उडालं, तर कातडी पांढरी पडून सोलली होती. हा वास त्याचाच होता.

“डॉक्टर, हे काय आहे?”

त्याने नाव सांगितलं. तेच नाव होतं.

“फरशी धुवायचं? माझ्या पोरीच्या दातात?”

“मॅडम, हे पातळ केलेलं असतं, सगळीकडे हेच वापरतात. टेन्शन घेऊ नका. मला पेशंट बघायचेत.”

त्या डॉक्टरचं औषध चुकीचं नव्हतं, हे प्रियाला पुढे कळलं. त्याच्याकडे समजावून सांगायला दोन मिनिटं नव्हती, एवढंच. पण घाबरलेल्या आईला त्या दोन मिनिटांचीच गरज असते! प्रियाने उत्कर्षाला खुर्चीवरून उचललं आणि चपला नीट न घालताच ती बाहेर पडली.

त्या दिवशी घरी येऊन ती सासूबाईंना एवढंच म्हणाली, “आई, तुमची ती गिरजाबाई कधी भेटते?”

बुधवारी चारच्या सुमारास तिघी जासईला उतरल्या. गिरजाबाईचं घर गावाच्या अगदी टोकाला होतं. त्याच्या मागे कंटेनरची रास उभी होती, एकावर एक पाच. सगळ्या गावावर ऊन होतं आणि त्या एका घरावर संध्याकाळ झाली होती. कंटेनरांच्या फटींतून वारा शिरला की एक लांब, घुमणारा आवाज यायचा आणि मग एकदम थांबायचा. अंगणात रिंगणीची काटेरी झुडपं होती, पिवळ्या गोल फळांनी लगडलेली. उत्कर्षा उंबऱ्याशी अडखळली आणि आईच्या ओढणीत शिरली.

गिरजाबाई सत्तरीच्या पुढची होती. तिने प्रियाकडे पाहिलं नाही, शकुबाईंनी दिलेल्या फुलांकडे पाहिलं नाही. ती उत्कर्षासमोर उकिडवी बसली आणि सरळ तिच्या गालाशी बोलली.

“कवापासून बसलास रं आत?”

“पावसापासून,” उत्कर्षा म्हणाली.

प्रियाच्या अंगावर काटा आला. उत्तर पोरीनेच दिलं होतं, आवाजही तिचाच होता. तरी विचारलं कुणाला आणि बोललं कोण, हे तिला नीट कळेना. गिरजाबाई मात्र हसली. तेव्हा दिसलं, तिच्या स्वतःच्या तोंडात एकही दात नव्हता.

तिने दार पुढे ओढलं. एका पितळी परातीत पाणी ओतलं, मध्ये पणतीत निखारा ठेवला, त्यावर तेलात कालवलेल्या रिंगणीच्या बिया टाकल्या आणि वर बुडाला भोक पाडलेलं मडकं उपडं घातलं. भोकातून दाट, कडवट धूर वर येऊ लागला. उत्कर्षाचं उघडं तोंड त्या भोकावर धरून तिने डोक्यावरून कापड टाकलं. कापडाखालून खोकल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. मडक्याच्या आत काहीतरी बारीक तडतडत होतं. बाहेर वारा कंटेनरांतून घुमला. शकुबाई हात जोडून बसल्या होत्या. प्रिया त्या कापडाखालच्या छोट्याशा पाठीकडे पाहत होती आणि ती पाठ श्वास घेते आहे ना, एवढंच मोजत होती.

“बस,” गिरजाबाई म्हणाली आणि तिने मडकं उचललं.

परातीच्या पाण्यावर किडे होते. पांढरे, बारीक, वेटोळे घातलेले. पाणी हललं तसे तेही हलले. प्रिया परातीवर वाकली. एवढे? एवढे सगळे माझ्या लेकीच्या तोंडात?

गिरजाबाईने मग हिरव्या पाल्याचा लगदा दाताच्या खड्ड्यात कोंबला आणि वरून मेण दाबून तो घट्ट बंद केला.

“आता आत कोन जानार नाय,” ती म्हणाली, “नि भायेर कोन येनार नाय. पानी खाडीत सोडा. पलटून बघू नका.”

शकुबाईंनी पाणी एका डब्यात ओतून घेतलं. पण प्रियाचा हात वेगळाच वळला. रोज पोत्यांतून नमुने काढणारा हात तो. तिच्याही नकळत तिने त्यातले दोन-तीन किडे कागदात टिपून पर्समध्ये ठेवले.

गुरुवारी उत्कर्षाला वेदना नव्हती. तिने पेज प्यायली, टीव्ही पाहिला. शकुबाई शेजारणींना सांगत सुटल्या. प्रियालाही वाटलं, आपण उगाच शंका घेतली.

शुक्रवारी सकाळी वेणी घालताना उत्कर्षा हळूच म्हणाली, “आई, ती आता ठोकत नाय.”

“बरं झालं ना मग!”

“ठोकत नाय. आता ती मोठी होतेय.”

प्रियाच्या हातातला कंगवा तसाच राहिला. तिने कपाळाला हात लावून पाहिलं. ताप नव्हता, गाल किंचित जड वाटत होता. मुलांना काहीही सुचतं, असं मनाशी म्हणत ती कामावर गेली. पण बसमध्ये, गेटवर, हजेरीच्या मशीनसमोर ते वाक्य तिच्याबरोबर चालत होतं.

त्या दिवशी तिच्या टेबलावर मिरचीचे नमुने होते. मिरची फोडायची, बी काढायची, काही बिया भिजवून चिरायच्या आणि आत अळीने घर केलंय का ते भिंगाखाली बघायचं, हे तिचं काम. नऊ वर्षं ती तेच करत होती. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या जणी डबे घेऊन गेल्या, तेव्हा प्रियाने पर्समधली पुडी काढली. किडे वाळून सुरकुतले होते. तिने त्यांना थेंबभर पाण्यात सोडलं. ते फुगले, हळूहळू उलगडले, जणू जागे झाले. तिला वाटलं, भिंग बाजूला सारावं आणि पळावं. पण ती वाकली.

किड्याला तोंड नव्हतं.

तिने भिंग फिरवून पुन्हा पाहिलं. तोंड नाही, पाय नाहीत, अळीच्या अंगावर असतात तशा कड्या नाहीत. पांढरं वेटोळं, आणि त्याच्या एका टोकाला दोन नाजूक पाती, एकमेकींना चिकटलेली. हे तिने कुठेतरी पाहिलं होतं. कुठेतरी कशाला, आजच सकाळी पाहिलं होतं! तिने मिरचीची एक भिजलेली बी घेतली, पात्याने चिरली, आतला गर बाजूला केला आणि बीच्या पोटातला कोंब त्या किड्याशेजारी ठेवला.

दोन्ही एकच होते. सख्ख्या भावांसारखे. रिंगणीही मिरची-वांग्याच्याच कुळातली. निखाऱ्यावर बी फुटायची आणि तिच्यातला कोंब उडून पाण्यात पडायचा.

तो किडा नव्हताच. मग माझ्या मुलीच्या दातात जे मोठं होतंय, ते काय आहे?

त्याच क्षणी फोन वाजला. शकुबाई होत्या.

“प्रिया गो, पोरीचा गाल सुजलाय. पार मानेपर्यंत. अंग तापलाय, तोंड उघडत नाय. किडे परत आले असतील. मी तिला घेऊन जासईला आलेय.”

“आई! धूर देऊ नका! ऐकताय ना? मी येईपर्यंत काही करू देऊ नका!”

रिक्षात बसून तिने नवऱ्याला, कुंदनला, फोन केला. तो जासईच्याच एका कंटेनर यार्डात कामाला होता. “गाडी मिळव आणि गिरजाबाईच्या घरी ये,” एवढंच ती बोलू शकली.

ती पोचली तेव्हा दार ओढलेलं होतं. आत मडकं मांडलेलं होतं आणि निखारा लाल होता. उत्कर्षा शकुबाईंच्या मांडीवर आडवी होती. तिचा चेहरा पाहून प्रिया जागीच थबकली. एका बाजूला तिची लेक होती आणि दुसऱ्या बाजूला कुणा परक्याचा ताणलेला, चकाकणारा गाल. मुलीने डोळे अर्धवट उघडले.

“आई,” ती दातांच्या फटीतून म्हणाली, “दार बंद हाय म्हून ती बाहेर येत नाय.”

प्रियाला रडू कोसळायला हवं होतं. पण तिच्यात कुठून तरी एक थंड धीर आला. ती मडक्यापाशी बसली.

“गिरजाबाई, आधी एकदा पोरीशिवाय करा.”

“म्हंजे?”

“वर कोणाचं तोंड नको. नुसता धूर करा. आणि पाण्यात काय पडतं ते आपण बघू.”

“येडी का गो तू?” शकुबाई ओरडल्या. “पोर तापली हाय नि तुला खेल सुचतोय?”

“आई, दोन मिनिटं. तुमच्या नातीची शपथ.”

गिरजाबाई मडक्याकडे वळली. तिने बिया टाकल्या आणि मडकं उपडं घातलं. धूर वर आला, कुणाच्याही तोंडात न जाता सरळ आढ्याकडे गेला. आत तडतड सुरू झाली. तिघी त्या भोकाकडे पाहत होत्या. तिथे कुणी नव्हतं. तरी आत काहीतरी टपटप पडत होतं.

मडकं प्रियाने उचललं.

पाणी किड्यांनी भरलं होतं. पांढरे, बारीक, वेटोळे घातलेले.

शकुबाईंनी नातीला जवळ ओढलं. कुणाच्याच दातातून न आलेले ते किडे पाण्यावर हळूहळू फिरत होते. बाहेरचा वारा पडला होता. गिरजाबाई परातीवर वाकली. तिने एक बोट पाण्यात घातलं, एक कोंब बोटावर घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

“माझ्या आयनी शिकवला मना,” ती म्हणाली. “तिला तिच्या आयनी. पन रिकामा धूर कोनी केला नाय गो कदी. कशाला करेल कोनी?”

आणि मग, कुणी विचारलं नसताना, ती सांगू लागली. तिला एक मुलगी होती. पाच वर्षांची. तिचाही गाल असाच सुजला होता. “मी धूर दिला. किडे निंगाले. परात भरून निंगाले. मी म्हनलं, सुटली पोर. तिसऱ्या दिवशी सूज गल्यात उतरली नि तिला श्वास घेता येईना.” तिने परातीकडे पाहिलं. “चालीस वरसा मी म्हनतेय, किडे निंगाले तरी पोर का गेली? किडे निंगाले तरी पोर का गेली?”

ती एकदम उठली आणि तिने दार सताड उघडलं.

“ने तिला. आत्ता ने! मोठ्या डॉक्टरकडं ने!”

कुंदनने आणलेल्या गाडीत बसून ते निघाले. शकुबाई मागच्या सीटवर नातीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

दातांच्या मोठ्या रुग्णालयातल्या बालविभागात डॉ. सोनल म्हात्रे होत्या. चाळिशीच्या, शांत. त्यांनी सूज पाहिली, मानेखाली बोटांनी चाचपलं, श्वास पाहिला आणि लगेच सुईतून औषध सुरू करायला सांगितलं. तोंड थोडं उघडल्यावर त्यांनी दातावरचं मेण टोकदार हत्याराने उचकटलं.

आतून दुर्गंधी आली, आणि तिच्यामागून पू. उत्कर्षा एकदा कळवळली. मग तिच्या खांद्यांतला ताण उतरला.

“गेली,” ती पुटपुटली.

“कोण गेली?” डॉक्टरांनी विचारलं.

पण तिचा डोळा लागला होता.

“अर्ध्या दिवसाचा उशीर झाला असता तर सूज गळ्यात गेली असती,” डॉ. सोनल प्रियाला म्हणाल्या. “नस मेलेली होती. जंतू वाढत होते, पू तयार होत होता आणि त्याला बाहेर पडायला फक्त एकच वाट होती. ती मेणाने बुजवली. मग तो हाडात आणि मांसात शिरला.”

सूज थोडी उतरल्यावर एक्स-रे काढला. तो पडद्यावर आला आणि शकुबाई किंचाळून मागे सरल्या. पडद्यावर छोटीशी कवटी होती आणि तिच्यात दातांच्या दोन रांगा होत्या. एक वर, नेहमीची. दुसरी तिच्याखाली, हाडात गाडलेली. मोठमोठे, तिरके दात, अंधारात दबा धरून बसल्यासारखे.

“हडल!” त्या म्हणाल्या. “हडलीचे दात हायेत ते!”

डॉ. सोनल त्यांच्याजवळ आल्या आणि त्यांचा हात धरला. “आजी, मी चिरनेरची. आपल्याच बाजूची. घाबरू नका. ही हडल नाय. हे उत्कर्षाचे मोठेपनीचे दात हायेत. जन्मभर जेवायचे. ते खाली वाट बघत बसलेत.”

शकुबाईंनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

“आणि हा बघा, आपला कुजका दुधाचा दात. याची मुळं नेमकी त्या नव्या दाताच्या डोक्यावर आहेत. इथला पू खाली झिरपला तर नवा दात उगवायच्या आधीच खराब होतो. हा दुधाचा दात अकराव्या वर्षापर्यंत टिकायला हवा. तो पोरीला जेवू घालतो आणि खालच्याची जागा राखतो. लोक म्हणतात, दुधाचा आहे, पडणारच. अहो, पडणार आहे म्हणून आजच कुजू द्यायचा?”

प्रियाने मान खाली घातली. मग तिने मनात डाचत असलेलं विचारलंच. बेलापूरचा दवाखाना, निळा कॅन, तो वास, सगळं सांगितलं.

“तुमची भीती अगदीच खोटी नव्हती,” डॉ. सोनल म्हणाल्या. “ते औषध जंतू मारण्यात चांगलं आहे. पातळ करून, जपून वापरलं तर सुरक्षित आहे, आम्हीही वापरतो. पण दुधाच्या दातांची मुळं हळूहळू विरघळत असतात, त्यांची टोकं उघडी पडतात. तिथून ते पलीकडे गेलं तर मांसाला इजा करतं. म्हणून मुलांसाठी सौम्य काही मिळतं का, याचा शोध चालू आहे. त्रिफळा, कडुनिंब, अशा वनस्पतींच्या अर्कांचा अभ्यास बऱ्याच जणांनी केला आहे. आमच्याकडेही त्रिफळ्यावर काम चाललंय.”

शकुबाईंनी चमकून वर पाहिलं. “म्हंजे झाडपालाच ना? मग गिरजाबाईचा काय चुकला?”

प्रश्न रास्त होता.

“आजी, त्रिफळ्यातला हिरडा तुमच्याही डब्यात आहे आणि माझ्याही बाटलीत आहे,” डॉ. सोनल म्हणाल्या. “पण माझ्या बाटलीतला हिरडा किती घ्यायचा, कशात विरघळवायचा, त्याने कोणते जंतू मरतात आणि कोणते मरत नाहीत, हे आम्ही मोजून बघतो. आणि जिथे तो कमी पडतो, तिथे कमी पडतो असं लिहून ठेवतो. अजून सगळी उत्तरं मिळालेली नाहीत, तेही पालकांना सांगतो. गिरजाबाईंनी कधी मडकं रिकामं ठेवून बघितलं होतं का?”

“आज बघितला,” शकुबाई हळूच म्हणाल्या.

“मग त्या आज पहिल्यांदा औषधाच्या जवळ आल्या.” डॉक्टर थांबल्या. “आणखी एक. नुसता अर्क ओतून काही होत नाही. आधी मेलेली नस काढायची, मुळांच्या नळ्या बारीक हत्यारांनी घासायच्या, मग धुवायच्या. घाण आत ठेवून वरून कितीही चांगलं औषध लावलं, तरी ते दार बंद करण्यासारखंच आहे. आता तुम्ही ठरवा. नेहमीचं औषध वापरू, की तुमच्या संमतीने त्रिफळ्याचं? दोन्हींत काय चांगलं, काय कमी, ते मी कागदावर लिहून देते. घाई नाही.”

प्रियाने तो कागद घरी नेला, दोनदा वाचला, कुंदनलाही वाचायला लावला आणि सही केली.

दहा दिवसांनी उत्कर्षा त्या खुर्चीवर बसली. दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावला, म्हणजे काही घशात जाऊ नये. डॉ. सोनल तपकिरी रंगाचं पाणी थेंबाथेंबाने मुळांत सोडत होत्या आणि पुन्हा ओढून घेत होत्या. पहिल्यांदा ते गढूळ आलं. मग कमी गढूळ. मग स्वच्छ. शकुबाई काचेपलीकडून एकटक बघत होत्या. शेवटी मुळांत मलम भरलं, असं मलम की जे मुळांबरोबरच विरून जाईल, आणि वर स्टीलची टोपी बसवली.

“आता ऐक बघू,” डॉ. सोनल म्हणाल्या. “आत कोणी आहे का?”

उत्कर्षा गालावर हात ठेवून बराच वेळ ऐकत राहिली.

“कोणी नाय,” ती म्हणाली आणि हसली. “भूक लागली.”

त्यानंतर शकुबाई बदलल्या. एकदम नाही. काही दिवस तसेच गेले. मग एका सकाळी मासळी वाळवायच्या ओट्यावर एक तरुण सून आपल्या पोराबद्दल म्हणाली, “दुधाचा दात हाय, पडंल.” शकुबाई हातातली टोपली ठेवून तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

“आमीपन घरात असाच म्हनलं होता गो! माझी नात मरता मरता वाचली. दूध पाजून झाल्यावर पोराचा तोंड पुसतेस का? रोज दोन टायमाला दात घासतेस का? काला ठिपका दिसला की त्याच दिवशी डॉक्टरला दाखव. नि डॉक्टर सांगत नसेल तर विचार. दहा वेला विचार! लाजू नको.”

गिरजाबाईची खबर त्या मधूनमधून काढत. तिने दार लावून घेतलं आहे, कुणी आलं तरी उघडत नाही, एवढंच कळायचं.

तीन महिन्यांनी प्रिया उत्कर्षाला तपासणीसाठी घेऊन गेली, तेव्हा बालविभागाच्या बाकावर गिरजाबाई बसली होती. शेजारी एक चार वर्षांचं पोर होतं, गालाला हात लावून. त्याची आई कारखान्यात पाळीवर होती, म्हणून गिरजाबाईच त्याला बसने घेऊन आली होती. प्रियाला पाहून ती ओशाळली, मग सरळ बसली.

“माझ्याकडं धूर घ्यायला आनला होता याला,” ती म्हणाली. “मी म्हनलं, चल, धूर देनारीच तुला दवाखान्यान नेते.”

खिडकीतून नर्सने विचारलं, “आजी, मुलाबरोबर कोण आलंय? नातं काय लिहू?”

गिरजाबाईने थोडा विचार केला.

“शेजारीन,” ती म्हणाली. “शेजारीन लिव्ह.”

बंधुभगिनींनो, आपल्या परंपरेतल्या वनस्पती खोट्या नाहीत आणि बाटलीतलं प्रत्येक औषध विष नाही. खोटी असते ती न तपासलेली खात्री, मग ती मडक्याखालची असो की दवाखान्यातल्या घाईतली. लेकरांच्या दुधाच्या दातांना ‘पडणारच आहेत’ म्हणून सोडून देऊ नका. दुखलं तर त्याच दिवशी दाखवा, औषध कोणतं आणि का ते विचारा, आणि पारखलेलं असेल तरच ते मुलाच्या तोंडात जाऊ द्या. गिरजाबाईला हे कळायला चाळीस वर्षं लागली. आपल्याला तेवढी लागू नयेत.